आईच्या गुडघ्याचं एस्टिमेट

आईचा उजवा गुडघा बदलावा लागेल हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा घरात कोणाला धक्का बसला नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत उभ्याने शिकवण्यात तिची हयात गेली. गेली काही वर्षं ती जिना तिरकी होऊन, कठडा धरून उतरायची. एक्स-रेमध्ये हाडाला हाड टेकलेलं आम्हालाही दिसत होतं. त्यामुळे ऑपरेशन करायचं की नाही, हा वाद कधी झालाच नाही. पैशाचं काय, एवढंच उरलं होतं. दादा सुरतेला असतो आणि आईची पॉलिसी पहिल्यापासून मीच बघते, म्हणून ते काम माझ्याकडे आलं.

आमच्याकडे चार लाखांचा आरोग्य विमा होता. नातेवाइकांचं म्हणणं सरळ होतं: खर्च तीन लाख, विमा चार लाख, मग काळजी कसली? पण वर्षभरापूर्वी मावशीच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनला विमा असूनही मावसभावाला सत्तर हजार भरावे लागले होते आणि ते का भरावे लागले हे त्याला आजही नीट सांगता येत नाही. तसं आपल्याकडे होऊ द्यायचं नाही, आत जायच्या आधी आपल्या खिशातून किती जाणार याचा आकडा कागदावर हवा, असं मी ठरवलं.

नाशिकमधल्या दोन हॉस्पिटलांत आणि पुण्यातल्या एका हॉस्पिटलात विचारलं. तिन्हीकडे पहिलं उत्तर जवळपास तेच मिळालं: "एका गुडघ्याचे अडीच ते साडेतीन धरा." अडीच आणि साडेतीन यांच्यात एक लाखाचा फरक आहे! शिवाय हे सगळं एकूण बिलाबद्दल. त्यातलं विमा कंपनी किती देईल आणि आम्ही किती, हे कोणत्याच काउंटरवर आपणहून सांगितलं गेलं नाही. हॉस्पिटलला तुमची पॉलिसी माहीत नसते, विमा कंपनीला हॉस्पिटलचं बिल माहीत नसतं. दोन्ही कागद एकत्र असतात ते फक्त आपल्या हातात, म्हणून हे गणित आपल्यालाच मांडावं लागतं.

आधी पॉलिसी वाचायला घेतली. शेड्यूल, म्हणजे पॉलिसीचा गोषवारा, एका पानाचं असतं, अटींची पानं पुष्कळ. ऑपरेशनच्या हिशेबाला लागतात त्या गोष्टी मात्र मोजक्याच. सांधेबदलाचा प्रतीक्षा काळ (पॉलिसी घेतल्यापासून त्या खर्चाचे पैसे मिळत नाहीत तो) संपलाय का, हे पहिलं. आमचा केव्हाच संपला होता, आणि आईची शुगर पॉलिसी घेतानाच फॉर्मवर लिहिली होती, त्यामुळे तोही प्रश्न नव्हता. (आधीपासूनच्या आजारांसाठी हा काळ जास्तीत जास्त ४८ महिने असायचा, २०२४ पासून ३६ महिन्यांवर आला आहे.) मग सबलिमिट, म्हणजे गुडघ्याला किंवा मोतीबिंदूला वेगळी मर्यादा घातलीय का. गुडघ्याला नव्हती. मग कोपे. आईच्या पॉलिसीत १० टक्के, कारण ती साठीनंतर घेतलेली. म्हणजे मंजूर रकमेचाही दहावा हिस्सा आमचाच. आणि शेवटी रूम रेंट: विमा रकमेच्या १ टक्का, दिवसाला ४,००० रुपये. आयसीयूला २ टक्के, म्हणजे ८,०००.

हे शेवटचं कलम वाचून मला आधी वाटलं की खोली महाग घेतली तर वरचे पैसे भरायचे, संपलं. तसं नाही, हे पुढे कळलं. त्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात मोठा फरक इथेच पडतो.

ज्या हॉस्पिटलचे डॉक्टर आईला पटले होते तिथल्या बिलिंग काउंटरवर मी पॉलिसीची प्रत घेऊन बसले. छापील एस्टिमेट एका ओळीचं होतं. "टोटल नी रिप्लेसमेंट, एक बाजू" आणि पुढे आकडा. मी ब्रेकअप, म्हणजे बाबवार खर्च, मागितला. तिथला मुलगा म्हणाला, "ताई, एवढं डिटेल कोणी मागत नाही." पण नंतर त्याने स्क्रीन माझ्याकडे फिरवला आणि एस्टिमेटच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेनाने एकेक आकडा लिहून दिला. तो कागद अजून माझ्या फाइलमध्ये आहे. खोली चार रात्री, दोन पेशंटच्या ट्विन शेअरिंगचे ३,८०० रोज, १५,२०० रुपये. आयसीयू एक रात्र, ७,०००. सर्जन, भूलतज्ज्ञ, ओटी (ऑपरेशन थिएटर), व्हिजिट आणि नर्सिंग मिळून १,३०,०००. इम्प्लांट, म्हणजे कृत्रिम सांधा, ५८,०००. तो बसवायचं सिमेंट ८,०००. औषधं आणि कन्झ्युमेबल्स (एकदाच वापरायच्या वस्तू) ४०,०००. तपासण्या ९,०००. एकूण २,६७,२००.

मग मी विचारलं, सिंगल रूम घेतली तर? आईला रात्री झोप लागत नाही, शेजारी दुसरा पेशंट नको असं दादाचं म्हणणं होतं. सिंगल रूम ६,५०० रुपये. म्हणजे रोजचे २,७०० जास्त, चार रात्रींचे १०,८००. एवढे पैसे आम्ही आनंदाने भरले असते. पण त्याने दुसरा रकाना लिहायला घेतला तेव्हा खोलीबरोबर सर्जन, ओटी, व्हिजिट यांचेही दर वर चढले: १,३०,००० चे १,६५,०००. हॉस्पिटलांमध्ये खोलीच्या श्रेणीप्रमाणे बाकीचे दर लागतात. ऑपरेशन तेच, टेबल तेच, डॉक्टर तेच. शिवाय दिवसाला ५,००० च्या वरच्या खोलीवर जुलै २०२२ पासून ५ टक्के जीएसटी आहे, तो १,३००. एकूण ३,१४,३०० झाले.

आणि आता विमा कंपनीची बाजू. पॉलिसीत ४,००० ची मर्यादा आणि खोली ६,५०० ची, तर कंपनी फक्त खोलीचे वरचे २,५०० कापून थांबत नाही. खोलीशी निगडित खर्चही ती त्याच प्रमाणात कापते. याला प्रपोर्शनेट डिडक्शन म्हणतात. ६,५०० पैकी ४,०००, म्हणजे साधारण ६१.५ टक्केच कंपनी देते. सर्जन-ओटी-नर्सिंगच्या १,६५,००० पैकी जवळपास ६३,५०० आमच्या गळ्यात. सुदैवाने ही कात्री सगळ्यावर चालत नाही. विमा नियामकाने २०२० साली स्पष्ट केलं आहे की औषधं आणि कन्झ्युमेबल्स, इम्प्लांट आणि तपासण्या यांवर अशी कपात करता येत नाही, आयसीयूच्या दरावरही नाही. जिथे खोलीप्रमाणे दर बदलत नाहीत अशा हॉस्पिटलातही ती लावता येत नाही. हे माहीत असणं गरजेचं आहे, कारण सरसकट कपात झाली तर बोट ठेवून विचारता येतं.

घरी येऊन दोन्ही रकाने पूर्ण केले. ट्विन शेअरिंगमध्ये: विम्यात न बसणाऱ्या वस्तूंचे अंदाजे १२,००० वजा केले, उरलेल्या २,५५,२०० चे १० टक्के कोपे २५,५२०. आमचा हिस्सा ३७,५२०. सिंगल रूममध्ये: तेच १२,०००, खोलीचा फरक आणि जीएसटी ११,३००, प्रमाणातली कपात ६३,४६१, आणि उरलेल्यावरचा कोपे २२,७५४. आमचा हिस्सा १,०९,५१५. दादाला मी हा कागद व्हॉट्सअॅपवर पाठवला. त्याचा लगेच फोन आला, "खोलीचे फक्त दहा हजार जास्त होते ना?" मी त्याला ओळ न् ओळ वाचून दाखवली. आईने ते ऐकलं आणि स्वतःच सांगितलं, शेजारी कोणी असलं तर बोलायला सोबत होईल, ट्विन शेअरिंगच घ्या.

त्या १२,००० बद्दल. आरोग्य विम्यात साधारणपणे न मिळणाऱ्या ६८ वस्तूंची एक यादी असते, पॉलिसीच्या शेवटी छापलेली. हातमोजे, मास्क, क्रेप बँडेज, डायपर, थर्मामीटर, नी ब्रेस, वॉकर, सोबतच्या माणसाचं जेवण, असं सगळं तिच्यात आहे. काही पॉलिसींना कन्झ्युमेबल्सचं जोडकलम असतं, त्यात यातल्या बऱ्याच गोष्टी मिळतात. आमच्याकडे ते नव्हतं. गुडघ्याच्या ऑपरेशनला ही यादी चांगलीच लागू पडते. तिच्यात एक नोंद अशी आहे: तपशील न दिलेलं कोणतंही किट, उदाहरणार्थ ऑर्थोकिट. बिलात नुसतं "ऑर्थोकिट" आणि पुढे रक्कम आली की ती पूर्ण नामंजूर होते, मग किटमध्ये मिळण्याजोगं काही का असेना. मी हॉस्पिटलातल्या टीपीए डेस्कवरच्या, म्हणजे विम्याचं काम बघणाऱ्या, ताईंना आधीच विनंती केली की किट असेल तर आतल्या वस्तू वेगवेगळ्या दाखवा. त्यांनी फार्मसीला तशी चिठ्ठी दिली. नी ब्रेस आणि वॉकर आम्ही बाहेरून आणले, बरेच स्वस्त पडले.

इम्प्लांटच्या बाबतीत डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलता आलं, याचं मला फार समाधान आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये औषधांच्या किमती ठरवणाऱ्या एनपीपीए या केंद्रीय संस्थेने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर कमाल मर्यादा घातली. त्याआधी याच वस्तूला दीड-दोन लाख मोजलेली माणसं आमच्या ओळखीत आहेत. तेव्हा नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या पूर्ण संचाला ५४,७२० रुपये आणि टायटॅनियम किंवा ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमसारख्या खास धातूच्या संचाला ७६,६०० रुपये ठरले, वर जीएसटी. पुढे या आदेशाची मुदत वाढत गेली आणि दरही थोडे बदलले, म्हणून चालू आकडा एनपीपीएच्या संकेतस्थळावरच बघावा. महत्त्वाचं म्हणजे ही मर्यादा भागवार आहे. २०१७ च्या दरात मांडीच्या हाडाचा भाग २४,०९०, नडगीच्या हाडावरची प्लेट १६,९९०, मधला इन्सर्ट ९,५५०, वाटी ४,०९०. बरेच सर्जन वाटी बदलतच नाहीत, मग तिचे पैसे लागता कामा नयेत. बिलात प्रत्येक भाग वेगळा, कंपनीच्या नावासह आणि बॅच नंबरसह दाखवणं हॉस्पिटलवर बंधनकारक आहे. आमच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, "आजींच्या वयाला आणि वजनाला साधा पुरे, महागातला घेऊन तुम्हाला वेगळं काही मिळणार नाही." असं सांगणारा डॉक्टर भेटला याबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे.

दुसऱ्या एका हॉस्पिटलात फोनवर "१,९९,००० मध्ये सगळं" असं पॅकेज सांगितलं गेलं. कागद हातात आला तेव्हा खाली बारीक अक्षरांत आयसीयू, फिजिशियनची फी, रक्त, ऑपरेशनआधीच्या तपासण्या आणि "ठरल्यापेक्षा जास्त लागलेली औषधं" वेगळी लिहिलेली होती. ती धरली की आकडा आमच्याच जवळ येत होता. पॅकेज वाईट असतं असं मी म्हणत नाही. काय धरलंय यापेक्षा काय धरलेलं नाही हे विचारावं, आणि तेही लेखी घ्यावं. कॅशलेस (बिल विमा कंपनी परस्पर भरते ते) करणार असाल तर आणखी एक विचारावं: आमच्या विमा कंपनीबरोबर या ऑपरेशनचं ठरलेलं पॅकेज आहे, की ओपन बिलिंग, म्हणजे प्रत्यक्ष लागेल तसं बिल? ठरलेलं असेल तर आकडा फारसा हलत नाही. आमचं ओपन बिलिंग होतं.

दरपत्रक मागायला संकोच वाटतो, मलाही वाटायचा. पण महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ साली बदल झाले आणि रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक दर्शनी भागात लावणं खासगी रुग्णालयांना बंधनकारक झालं. आपण मागतोय तो आपला हक्क आहे.

विमा नसता तर काय केलं असतं, हेही मी त्या दिवसांत विचारून ठेवलं, कारण आमच्या कामवाल्या मावशींच्या सासूचाही हाच त्रास आहे. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आता राज्यातल्या सगळ्या शिधापत्रिकाधारकांसाठी आहे, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. पण हॉस्पिटल योजनेत असून भागत नाही, ते त्या विशिष्ट उपचारासाठीही असावं लागतं, आणि काही ऑपरेशनं सरकारी रुग्णालयांसाठीच राखीव आहेत. हे सगळं आरोग्यमित्र सांगतो, योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलात त्याचा टेबल असतो. वय ७० पूर्ण असेल तर ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्न न बघता आयुष्मान कार्डावर पाच लाखांचं संरक्षण मिळतं. आई सदुसष्टची, म्हणून ते आम्हाला लागू नव्हतं. आणि धर्मादाय रुग्णालयांत महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याच्या कलम ४१ अअ प्रमाणे १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात राखीव असतात. उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटायचं, आणि तेही दाखल व्हायच्या आधी.

एस्टिमेटमध्ये कधीच नसतो तो घरचा खर्च. आमच्याकडे तो असा निघाला: भारतीय संडासावर ठेवायची उंच खुर्ची, न्हाणीघरात दोन हँडल, आईची खाली अंथरलेली गादी जाऊन उंच कॉट, दिवसपाळीची बाई, आणि घरी येणारा फिजिओ. फिजिओच्या एका खेपेचे ५०० रुपये, ते आमच्या पॉलिसीत बसत नव्हते. यासाठी मी ३०,००० वेगळे काढून ठेवले. गुडघ्याच्या ऑपरेशनात फिजिओवर काटकसर करू नये असं मला ठामपणे वाटतं. आमच्या शेजारच्या काकांनी तो मध्येच बंद केला आणि त्यांचा पाय आजही पुरता वाकत नाही.

दाखल व्हायच्या आदल्या आठवड्यात प्री-ऑथचा, म्हणजे विमा कंपनीच्या पूर्वमंजुरीचा, फॉर्म गेला. मंजुरी आली ती १,५०,००० ची. ती बघून दादा घाबरला. टीपीएच्या ताईंनी समजावलं की ही प्राथमिक मंजुरी, बाकीची अंतिम बिलावर येते. ऑपरेशनची तारीख आधीच ठरलेली असेल तर असं आधी पाठवलेलं बरं, कारण काही प्रश्न आला तर उत्तर द्यायला वेळ मिळतो. आमच्याकडे शुगरची जुनी चिठ्ठी मागितली गेली आणि ती सापडेपर्यंत एक संध्याकाळ गेली. डिपॉझिट ३०,००० घेतलं, कॅशलेस असूनही घेतात. पावतीवर "परताव्यायोग्य" लिहून घेतलं.

ऑपरेशन चांगलं झालं. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून आई उभी राहिली तेव्हा वहिनीला रडू आलं. बीपी खालीवर होत होतं म्हणून एक रात्र जास्त थांबवलं, काही इंजेक्शनं वाढली. अंतिम बिल २,७९,५०० झालं. डिस्चार्जच्या सकाळी मी बिलाची प्रत आधी मागून घेतली आणि माझ्या कागदाशी ताडून पाहिली. आम्ही बाहेरून आणलेला वॉकर बिलातही होता. सांगितल्यावर लगेच काढला, वरचा आकडा तो काढल्यानंतरचा. इम्प्लांटचे स्टिकर केसपेपरवर चिकटवलेले होते, त्यांचे बॅच नंबर बिलाशी जुळत होते, वाटी बदलली नव्हती आणि बिलातही लावली नव्हती. अंतिम मंजुरी तीन तासांत द्यावी असा २०२४ पासून नियम आहे. आमची साधारण तेवढ्याच वेळात आली. न मिळणाऱ्या वस्तू १६,४०० आणि कोपे २६,३१०, मिळून आमचा हिस्सा ४२,७१०. माझा अंदाज ३७,५२० होता. पाच हजारांचा फरक, आणि तो कुठून आला हे मला एकेका ओळीवर बोट ठेवून सांगता येत होतं. डिपॉझिट वळतं झालं, वरचे पैसे दादाने काउंटरवरच यूपीआयने भरले.

त्यानंतर आधीच्या ३० दिवसांतल्या आणि नंतरच्या ६० दिवसांतल्या खर्चाचा दावा वेगळा पाठवला. टू-डी एको, रक्ताच्या तपासण्या, फिटनेसची फी, नंतरची औषधं. प्रत्येक बिलाला डॉक्टरांची चिठ्ठी जोडलेली हवी, नुसती मेडिकलच्या दुकानाची पावती चालत नाही. चिठ्ठी असलेलं सगळं कोपे वजा होऊन मिळालं.

आता डावा गुडघा. डॉक्टर म्हणाले होते की दोन्ही एकदम करता आले असते. पण चार लाखांत दोन गुडघे बसत नव्हते, आणि शुगर बघता एकेक करणंच बरं असं त्यांनाही वाटलं. या वर्षीच्या विम्यातले जेमतेम दीड लाख उरलेत, त्यात दुसरा होणार नाही. पॉलिसीचं नूतनीकरण ऑक्टोबरमध्ये आहे, तेव्हा चार लाख पुन्हा पूर्ण होतील. या वेळी कन्झ्युमेबल्सचं जोडकलमही विचारलं आहे. त्याचा हप्ता किती वाढतो ते बघू. सोळा हजारांच्या मानाने तो कमी निघाला तर घेणार. आईने दिवाळीनंतरची तारीख सांगून टाकली आहे, आणि बिलिंगच्या त्या मुलाला मी नव्या दरांचा ब्रेकअप आतापासूनच मागून ठेवला आहे.